विक्रीपूर्व रंगकाम व डागडुजी

राहते किंवा भाड्याने दिलेले घर विकायला काढण्यापूर्वी त्याच्या भिंती, छत, दारे-खिडक्या आणि ओल्या जागा यांवर केले जाणारे रंगकाम व किरकोळ दुरुस्ती. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथील सहकारी गृहनिर्माण संस्थांतल्या ‘रीसेल’च्या सदनिकांपुरता आहे. जुन्या बंगल्याच्या किंवा वाड्याच्या व्यवहारात जमिनीची किंमतच वरचढ असते आणि घेणारा पुष्कळदा बांधकाम पाडण्याच्या विचारानेच येतो. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीतील सदनिकेचेही तसेच. अशा ठिकाणी रंगावरचा खर्च वाया जातो.

किमतीशी संबंध : मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजे ‘रेडी रेकनर’मध्ये, विभाग, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व इमारतीचे वय पाहिले जाते. भिंतीच्या रंगाला त्यात स्थान नाही. त्यामुळे रंगकामाचा परिणाम होतो तो फक्त घासाघिशीत. पोपडे सुटलेली भिंत दिसली की खरेदीदार दुरुस्तीचा खर्च मनाशी धरतो, तो सहसा प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त धरतो आणि तेवढी रक्कम भावातून कापून मागतो. रंगामुळे भाव वाढतो असे म्हणण्यापेक्षा ही कपात टळते असे म्हणणे अधिक बरोबर. दलालांमध्ये याविषयी एकमत नाही. ‘घेणारा स्वतःच्या आवडीने सगळे बदलणारच आहे, जसे आहे तसे विका’ असे सांगणारेही पुष्कळ आहेत आणि पंचवीस-तीस वर्षे जुन्या सदनिकेबाबत त्यांचा सल्ला सहसा रास्त ठरतो.

पूर्वपीठिका : चुन्यात नीळ आणि डिंक घालून दरवर्षी किंवा वर्षाआड भिंती पांढऱ्या करणे हीच दीर्घकाळ सर्वसाधारण पद्धत होती. त्यानंतर डिस्टेंपर आला. चाळींत आणि मध्यमवर्गीय खोल्यांत खाली तीन-चार फूट ऑइलपेंटचा पट्टा व वर पिस्ता, आकाशी किंवा फिका गुलाबी डिस्टेंपर अशी विभागणी रूढ झाली. हात लागून मळणारा भाग पुसता यावा हे तिचे साधे कारण. मुंबईच्या लोअर परळ भागात १९२० मध्ये गहागन पेंट्स ही कंपनी सुरू झाली, तीच पुढे नेरोलॅक झाली. एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ मध्ये मुंबईतच चार मित्रांनी केली. हातात रंगाचा डबा घेतलेला तिचा ‘गट्टू’ आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटला. पाण्यात मिसळणारे प्लास्टिक व ॲक्रिलिक इमल्शन आणि दुकानातच हवी ती छटा मिसळून देणारी यंत्रे आल्यावर निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. घरगुती व सजावटी रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा केंद्र सरकारचा २०१६ चा नियम आहे आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट कोरडा घासताना धूळ उडू देऊ नये, लहान मुले घरात असतील तर विशेषच.

रंगाची निवड : विक्रीसाठी पांढरा, मोतिया, क्रीम आणि फिका राखाडी या पट्ट्यातले रंगच सोयीचे ठरतात. घेणाऱ्याच्या डोळ्यांना त्यावर आपले सामान कल्पिणे जमते हे एक कारण नेहमी दिले जाते. त्याहून भक्कम कारण प्रकाशाचे आहे. स्वच्छ पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते, गडद निळी किंवा मरून भिंत २० टक्केही फेकत नाही. मुंबईतील अनेक सदनिकांच्या एखाद-दोन खोल्यांच्या खिडक्या डक्टकडे किंवा शेजारच्या इमारतीकडे उघडतात. तेथे भरदुपारी दिवा लावल्याशिवाय घर दाखवता येणे हीच मोठी कमाई.

शेडकार्डवरच्या टिचभर चौकोनावरून रंग ठरवू नये. पूर्ण भिंतीवर तोच रंग अधिक गडद वाटतो आणि समोरासमोरच्या भिंती आपला रंग एकमेकींवर फेकत असल्याने पिवळसर छटा तर दुपटीने पिवळी दिसते. म्हणून कार्डावर आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकी घ्यावी आणि दोन-तीन चौरस फुटांचा नमुना भिंतीवर लावून तो सकाळी, दुपारी व ट्यूबलाइटखाली पाहावा. छत मात्र शुद्ध पांढरे ठेवावे.

चकाकीकडे रंगाइतकेच लक्ष हवे. खिडकीतून तिरपा येणारा उजेड चकाकत्या रंगावर पडला की गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. जुन्या इमारतींतल्या भिंती क्वचितच सरळ असतात, त्यांना बिनचकाकीचे इमल्शन शोभते. स्वयंपाकघर आणि दारांच्या चौकटी धुता येतील अशा रंगाच्या असाव्यात. काही वर्षांपूर्वी लोकप्रिय झालेली एकच गडद ‘हायलाइट’ भिंत विक्रीआधी फिकी करणे बहुधा हिताचे. तिच्यावर मधला प्रायमर न देता फिका रंग मारल्यास दोन हातांनंतरही जुना रंग डोकावत राहतो.

वास्तुशास्त्रानुसार दिशांचे रंग पाहणारे खरेदीदार असतात. फिक्या रंगांवर त्यांचा आक्षेप सहसा नसतो.

ओल : रंग ठरवण्याआधी भिंत कोरडी आहे की नाही हे ठरवावे लागते आणि सारा विषय येथेच येऊन ठेपतो. कोकण किनारपट्टीवर नैर्ऋत्य मोसमी पाऊस प्रामुख्याने पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या बाह्य भिंतींना झोडपतो. गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगांतूनही पाणी आत शिरते. गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, तडकला असेल तर वरच्या मजल्याचे छत भिजते. न्हाणीघराच्या नाहणी ट्रॅपचा सांधा सुटला असेल तर खालच्या मजल्यावरच्या माणसाला ते आधी कळते, घरमालकाला नंतर.

ओल बाहेरून येते की खोलीतल्या दमट हवेतून बसते, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. संशयित जागी दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घेऊन त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्या व ते रात्रभर, शक्य तर पूर्ण दिवस तसेच ठेवावे. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा आतला गिलावा काळवंडला, तर पाणी भिंतीतूनच येत आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले, तर दोष हवेच्या वाहण्याचा आहे. याच वेळी नाण्याने भिंत ठोकून पाहावी. पोकळ आवाज आल्यास गिलावा विटेपासून सुटला आहे आणि तो फोडल्याशिवाय त्यावर रंग टिकणार नाही.

भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, फुलला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. तो पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि वाळल्यावर नव्या रंगाला फोडून बाहेर येतात. छताला सळईच्या रेषेत भेगा पडल्या असतील किंवा काँक्रीटचे पापुद्रे निघत असतील, तर सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि वरचे काँक्रीट ढकलून पाडतो. हे काम रंगाऱ्याच्या हातचे नाही, संरचना अभियंत्याला दाखवण्याचे आहे.

गळती बंद झाली म्हणजे भिंत वाळली असे होत नाही. पुरती भिजलेली नऊ इंची भिंत वाळायला काही महिने लागतात. त्यामुळे पावसाळा संपताच, नवरात्र-दिवाळीच्या गिऱ्हाइकांसाठी उरकलेले रंगकाम पुढच्या पावसाआधीच फुगलेले आढळते. डिसेंबर ते मे हा काळ अधिक भरवशाचा. अनुभवी खरेदीदार उलट्या दिशेने विचार करतो. सगळे घर जुन्या रंगाचे आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल, किंवा एकाच कोपऱ्यात पीव्हीसी पॅनेल बसवले असेल, तर तो आधी तिकडेच हात लावून पाहतो.

खर्चाच्या वाटणीचा प्रश्नही येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारे पावसाचे पाणी व बाहेरच्या सामाईक नळांची गळती दुरुस्त करणे संस्थेचे काम आहे, सदनिकेतील शौचालय, मोरी इत्यादींची गळती सभासदाची.

कामाचा क्रम : छत आधी, मग भिंती, शेवटी दारे-खिडक्या. पत्र्याने खरवडणे, भेगा भरणे, लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, घासकागद, प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात असा सर्वसाधारण क्रम आहे. प्रायमर लांबीच्या आधी की नंतर, यावर रंगारी आणि उत्पादक यांच्यात मतभेद आहेत. रंगवायचे क्षेत्र छतासह चटई क्षेत्राच्या साधारण तिप्पट ते साडेतीनपट धरतात, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या घरात १,५०० ते १,७५० चौरस फूट. देव्हाऱ्यामागची काजळी, पलंगाच्या डोकीकडचा तेलाचा डाग व ओट्यावरच्या भिंतीची फोडणीची चिकट पुटे धुण्याच्या सोड्याने काढून तेथे तेलातला प्रायमर द्यावा लागतो. एरवी हे डाग इमल्शनमधून पुन्हा वर येतात.

इतर सुधारणा : ठिबकणारे नळ, करकरणारी बिजागरी, पिवळे पडलेले स्विच, फरशीच्या काळ्या झालेल्या सांध्यांत नवे ग्राउट आणि खिडक्यांच्या स्वच्छ काचा, एवढ्यावर थांबावे. विक्रीसाठी म्हणून बसवलेल्या मॉड्युलर किचनचा खर्च सहसा भरून निघत नाही.

गोव्यात : जुन्या घरांच्या दर्शनी भिंती गेरू, निळा व पिवळा अशा रंगांच्या असतात. पणजीचा फोंताइन्हास भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. पांढरा रंग चर्चसाठी राखीव असे, असे सांगितले जाते. अशा घराची विक्री करताना बाहेरचा मूळ रंग राखणे इष्ट.

अन्य देशांत : अमेरिकेत विक्रीआधी घर रंगवून व सजवून मांडण्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे. तेथे १९७८ पूर्वी बांधलेले घर विकताना शिसेयुक्त रंगाबाबत माहिती असेल तर ती खरेदीदाराला द्यावी लागते.

कायदा व कर : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षता घेऊनही लक्षात येऊ शकणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. हा दोष न सांगणे कपट ठरते. प्रत्येक ओल ‘महत्त्वाचा दोष’ मानायची का, हे परिस्थितीवर अवलंबून राहील. तरी जुनी गळती रंगाखाली दडवण्यापेक्षा तिच्या दुरुस्तीची बिले व जलरोधन करणाऱ्याचे हमीपत्र दाखवणे विक्रेत्यालाच सुरक्षित असते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील संरचनात्मक दोषांची पाच वर्षांची जबाबदारी प्रवर्तकावर आहे, रीसेलच्या विक्रेत्यावर नाही. भांडवली नफा काढताना भांडवली स्वरूपाची भर किंवा फेरफार यांचा खर्च सुधारणा म्हणून वजा करता येतो. नेहमीचे रंगकाम व किरकोळ डागडुजी सामान्यतः त्यात धरली जात नाही.