संस्थेचे उद्दिष्ट आणि 'हित' या शब्दाची मर्यादा

सार्वजनिक संस्थेच्या नोंदणीसाठी १८६० च्या २१ व्या कायद्यान्वये जे विधानपत्र सादर करावे लागते, त्यात संस्थेचे नाव व नियामक मंडळ यांबरोबरच तिचे उद्देशही नमूद करावे लागतात. व्यवहारात हा मजकूर पुष्कळदा दुसऱ्या संस्थेच्या कागदावरून उतरवून घेतला जातो. 'समाजाचा सर्वांगीण विकास' या शब्दांत सर्व काही सामावते आणि म्हणूनच त्यातून कोणतेही काम निश्चित होत नाही. उद्देश कसे लिहावेत, हे पाहण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. बहिष्कृत हितकारिणी सभेचा इतिहास आपल्यासमोर आहे.

९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये विचारविनिमयाची सभा झाली व २० जुलै १९२४ रोजी संस्था स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड हे तिचे अध्यक्ष होते. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, तर चिटणीसपद सीताराम नामदेव शिवतरकर यांच्याकडे होते. सभेचे उद्देश थोडक्यात असे होते : वसतिगृहे वा अन्य साधनांद्वारे बहिष्कृत वर्गात शिक्षणाचा प्रसार करणे, वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग काढून संस्कृतीचा प्रसार करणे, औद्योगिक व शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारणे, आणि या वर्गाची गाऱ्हाणी मांडणे.

या कलमांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. हित कोणाचे, हे संस्थेच्या नावातच सांगितले आहे. पहिल्या तीन कलमांत साध्य व साधन एकत्र बांधलेले आहेत. 'शिक्षणप्रसार' एवढेच लिहिले असते, तर एखाद्या व्याख्यानानेही समाधान मानता आले असते. 'वसतिगृह' हा शब्द लिहिल्यावर मात्र जागा, अन्न, वस्त्र व पुस्तके यांचा प्रश्न उभा राहतो. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे वसतिगृह सुरू झाले. मुंबईत मोफत वाचनालयही निघाले. कागदावरील शब्द व प्रत्यक्ष काम यांचा असा मेळ होता.

चौथ्या कलमात मात्र साधन सांगितलेले नाही. आमच्या मते ही उणीव नव्हे. गाऱ्हाणे कोणत्या मार्गाने मांडावे, हे प्रसंगच ठरवितो. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद व चवदार तळ्याचा सत्याग्रह हे या कलमाचेच फलित म्हणता येईल. जेथे काम ठरलेले आहे तेथे साधन नेमके असावे आणि जेथे प्रसंग अनिश्चित आहे तेथे वाट मोकळी असावी, हा विवेक येथे दिसतो.

पालीचा अभ्यासक 'हितकारिणी' या शब्दाशी थबकल्यावाचून राहत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात ६० अर्हत भिक्खूंना तथागतांनी चारिकेसाठी पाठविल्याचा प्रसंग आहे. त्या आदेशात लाभार्थी कोण, काम कोणते व ते कसे करावयाचे, या तिन्ही गोष्टी आहेत. लाभार्थी बहुजन, काम धम्मदेशना आणि रीत अशी की दोघांनी एका वाटेने जाऊ नये. या शेवटच्या सूचनेत मनुष्यबळ कमी व क्षेत्र विशाल याचे भान आहे. धम्म अर्थासह व व्यंजनासह सांगावा, असेही तेथे म्हटले आहे. अत्थ सुटला की व्यंजन केवळ शब्द उरतो. संस्थांच्या उद्देशांनाही हीच कसोटी लागू पडते.

उद्देश कायमचे गोठलेले असावेत, असा याचा अर्थ नाही. जून १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व वसतिगृहांचे कार्य तिच्याकडे आले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली; तिचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत व पुढील महाविद्यालय १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झाले. औरंगाबादच्या महाविद्यालयास पुढे प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव मिळाले. 'बहिष्कृत' पासून 'पीपल्स' पर्यंत लाभार्थीवाचक शब्द विस्तारत गेला, परंतु प्रत्येक विस्तारापूर्वी आधीचे काम उभे राहिले होते. 'हित' या शब्दास अशी मर्यादा घातली, तरच तो वाढू शकतो.

आज गावोगावी विहारांशी संलग्न संस्था व न्यास आहेत. त्यांत श्रमिकांनी पोटास चिमटा घेऊन दिलेले दान असते. कोणासाठी, काय, कोणत्या साधनाने, आणि वर्षअखेर ते झाले की नाही हे कशावरून ओळखावे, या चार प्रश्नांची उत्तरे उद्देशांतून मिळत नसतील, तर त्या दात्यास हिशेब विचारण्याची वाटच उरत नाही. कार्यकारिणी बदलते, इमारत जुनी होते. नव्या कार्यकर्त्याच्या हाती येते ते विधानपत्र. ते वाचून त्यास उद्याचे काम कळावे, एवढी अपेक्षा आम्ही बाळगतो.