देवळालीचे कापरेकर : शोधाला मान्यता कशी मिळते?

वर्गातला एखादा विद्यार्थी वही पुढे करतो आणि म्हणतो, ‘‘सर, मला संख्यांचा एक नवा नियम सापडलाय.’’ बहुतेक वेळा तो नियम जुनाच असतो. कधी तो दहा उदाहरणांना लागू पडतो आणि अकराव्याला मोडतो. क्वचित मात्र तो खरोखरच नवा असतो. तिन्ही वेळा शिक्षकांपुढे प्रश्न एकच येतो : आता याचे पुढे काय करायचे? नियम सापडायला वही-पेन्सिल पुरते. पण इतरांनी तो ‘शोध’ म्हणून मानावा यासाठी काय करावे लागते, हे कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात दिलेले नाही.

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले, संगमनेर ओलांडले की नाशिक जिल्हा सुरू होतो. तेथील देवळाली या छावणीच्या गावात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शिक्षकाने आयुष्यभर संख्यांचा पाठपुरावा केला. त्यांच्या नावाची संख्या आज जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक आहे. ती मान्यता त्यांना कशी मिळाली, किती उशिरा मिळाली आणि का, हे पाहण्यासारखे आहे.

शाळामास्तरांचा छंद

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती, त्यामुळे घरात आकडेमोड नित्याची होती. शालेय शिक्षण ठाण्यात झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. केंब्रिजला १८९९ साली सीनिअर रँग्लर झालेले र. पु. परांजपे यांच्या नावाने विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती कामासाठी एक पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. त्यांच्या कामावर पडलेली ही पहिली जाणकार नजर.

१९२९ साली ते बी.एस्सी. झाले. त्यांनी पुढची पदवी घेतली नाही आणि कोणत्याही संशोधन संस्थेशी त्यांचा संबंध आला नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत शाळेत शिकवले. फावल्या वेळेत वहीत संख्या मांडायच्या, उलटवायच्या, त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करायच्या आणि काही नियम दिसतो का ते पाहायचे, हा त्यांचा छंद होता.

नगरच्या वर्षापासून ६१७४ पर्यंत

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध चौथीतल्या मुलालाही करून पाहता येतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. अट एकच : चारही अंक सारखे नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करा.

अहमदनगर शहराच्या स्थापनेचे वर्ष म्हणून १४९० सांगितले जाते. तेच घेऊ.

९४१० – ०१४९ = ९२६१
९६२१ – १२६९ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर कृती करा : ७६४१ – १४६७ = ६१७४. संख्या जागची हलत नाही. सुरुवात कोणत्याही संख्येपासून करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. (मध्ये ९९९ आले तर ते ०९९९ असे चार अंकांतच लिहायचे, ही सूचना मुलांना आधी द्यावी.) या संख्येला आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

१९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा गुणधर्म मांडला. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात १९५५ साली ६१७४ वरचे त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. १९५३ साली याच नियतकालिकात त्यांनी संख्येचे अंक उलटविण्याच्या प्रश्नांवर लिहिले होते. त्याआधी, १९३८ साली, त्यांनी ‘डेम्लो संख्यां’वर ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये लेख लिहिला होता. १२१, १२३२१ यांसारख्या या संख्यांना त्यांनी जी. आय. पी. रेल्वेवरील एका स्थानकाचे नाव दिले, कारण त्यांचा विचार प्रथम तेथे सुचला होता.

‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ हे भारतीय गणित परिषदेचे (इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे) नियतकालिक. ही संस्था १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी स्थापन केली, आणि तिचे ग्रंथालय बरीच वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयातच होते. म्हणजे हौशी माणसाला आपले काम पाठवायला देशात एक पत्ता उपलब्ध होता. श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला लेखही याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली आला. हार्डींना त्यांनी पत्र लिहिले ते त्यानंतर, जानेवारी १९१३ मध्ये.

जाणकार का हसले?

कापरेकरांच्या कामाकडे अनेक भारतीय गणितज्ञांनी पोरखेळ म्हणून पाहिले. यामागे निव्वळ आकस होता असे म्हणता येणार नाही. त्याला एक गणिती कारण आहे, आणि ते वर्गात समजावून सांगण्यासारखे आहे.

१७ ही मूळ संख्या आहे. ती दशमान पद्धतीत लिहा, द्विमान पद्धतीत लिहा किंवा सतरा खडे मांडा, तिचे मूळपण बदलत नाही. पण ६१७४ चा गुणधर्म संख्या दशमान पद्धतीत लिहिण्यावर अवलंबून आहे. आपल्याला आठच बोटे असती तर तो कदाचित कोणालाच दिसला नसता. हार्डींनी १९४० सालच्या आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशी दोन उदाहरणे दिली आहेत : ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. दोन्हींत अंक उलटे होतात. अशा गोष्टी वर्तमानपत्राच्या कोडे-सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांत रस वाटण्यासारखे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. रामानुजनांना ओळखणाऱ्या माणसाचा हा अभिप्राय आहे. त्यावरून कापरेकरांच्या विषयाला त्या काळी कोणते स्थान होते, याची कल्पना येते.

दुसरे कारण सिद्धतेचे. शंभर संख्यांवर पडताळा घेतला म्हणजे नियम सिद्ध होत नाही. ‘सगळ्याच संख्या ६१७४ ला येतात’ असे म्हणायचे तर सगळ्यांची खात्री द्यावी लागते, आणि चार अंकी पात्र संख्या ८९९१ आहेत. पण सगळ्या तपासण्याची गरज नसते. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानू. मोठी संख्या वजा लहान संख्या यांचे उत्तर असे येते :

९९९ × (अ – ड) + ९० × (ब – क)

म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो. दुसरा ० पासून पहिल्या फरकाइतका असू शकतो, त्याहून मोठा नाही. अशा जोड्या होतात २ + ३ + ४ + … + १० = ५४. या ५४ जोड्यांची उत्तरे ६१७४ पर्यंत नेऊन दाखवली की सर्व ८९९१ संख्यांचा निकाल लागला. नववीचा वर्ग गट पाडून हे काम दोन तासांत करू शकतो. त्याआधी तीन अंकी संख्या घ्यावी. तेथे उत्तर ९९ × (अ – क) एवढेच असते, तपासायच्या शक्यता नऊच उरतात आणि सगळ्या ४९५ ला येतात. चमत्कार आणि प्रमेय यांतला फरक या दोन तासांत मुलांच्या जितका लक्षात येईल तितका व्याख्या पाठ करून येणार नाही.

स्वयंभू संख्या आणि कोलंबिया

आता तारखांच्या महत्त्वाची गोष्ट. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेतली तर ४७ + ११ = ५८. म्हणजे ४७ ही ५८ ची ‘जनक’ झाली. १०१ ला दोन जनक आहेत : ९१ आणि १००. पण २० ला जनकच नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. ज्यांना कोणी जन्म दिलेला नाही अशा या संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले. ही कल्पना त्यांनी १९४९ साली मांडली आणि तिच्यावर लहान पुस्तिका लिहून स्वखर्चाने छापल्या. त्यांतली नव्या स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका १९६३ सालची असून तिच्यावर प्रकाशनस्थळ देवळाली असे आहे.

१९७३-७४ च्या सुमारास ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये बर्नार्डो रेकामान यांनी याच संख्यांविषयी प्रश्न विचारला. रेकामान कोलंबिया देशाचे, म्हणून तेथे त्यांना ‘कोलंबियन संख्या’ असे नाव मिळाले. रेकामान यांनी कोणाचे काही घेतले नव्हते. देवळालीच्या पुस्तिका अमेरिकेतल्या ग्रंथालयांत कोण शोधणार? एकच कल्पना दोन देशांत दोघांना स्वतंत्रपणे सुचली होती. तरीही आज या संख्यांबरोबर कापरेकरांचे नाव घेतले जाते, कारण त्या पुस्तिका छापलेल्या होत्या आणि त्यांवर वर्ष होते. त्या नुसत्या वहीत राहिल्या असत्या तर सांगण्यासारखे काहीच उरले नसते.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या गणिती सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांवर लिहिले, आणि देवळालीचे नाव जगभर गेले. गार्डनर यांची पदवी तत्त्वज्ञानाची होती, गणिताची नव्हे. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. निवृत्तिवेतन पुरत नसल्याने निवृत्तीनंतरही ते शिकवण्या घेत असत. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

त्यानंतरही काम थांबले नाही. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. अशा ‘कापरेकर संख्या’ कशा शोधायच्या, याची पद्धत डग्लस इयानुची यांनी २००० साली दिली. ९९, ९९९ अशा संख्यांचे विशिष्ट विभाजक घेतले की त्या मिळतात. कोडे-सदरातली गोष्ट अशा रीतीने विभाज्यतेच्या शास्त्राशी जोडली गेली.

वर्गासाठी काय घ्यावे?

नियम घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला या इतिहासातून काही पायऱ्या सांगता येतात.

पहिली पायरी म्हणजे नियम एका वाक्यात लिहिणे आणि अटी नेमक्या नोंदवणे. ‘चारही अंक सारखे नकोत’ ही अट गाळली तर कापरेकरांचा नियमही खोटा ठरतो. दुसरी, तो मोडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे. तिसरी, तो आधी कोणाला सापडला आहे का ते पाहणे. संख्यांच्या क्रमिकांसाठी नील स्लोन यांनी १९६४ साली सुरू केलेला कोश आता संगणकावर विनामूल्य पाहता येतो. स्वयंभू संख्या त्यात आहेतच. नियम जुना निघाला तरी विद्यार्थ्याला निराश होऊ देऊ नये. जे रेकामान यांच्या बाबतीत घडले ते कोणाच्याही बाबतीत घडू शकते.

चौथी पायरी सिद्धतेची. ती जमली नाही तर ‘हे दिसते, पण सिद्ध झालेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. पाचवी, तारीख घालून ते योग्य ठिकाणी पाठवणे. बंगळूरहून निघणारे ‘ॲट राइट अँगल्स’ हे नियतकालिक शालेय गणितासाठीच आहे. नामांकित गणितज्ञाला थेट पत्र लिहिण्यापेक्षा हा मार्ग बरा. रामानुजनांनाही हार्डींच्या आधी केंब्रिजच्या दोघांकडून मदत मिळाली नव्हती.

ही वाट आजही खुली आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या नेकिया जॅक्सन व कॅल्सिया जॉन्सन या शाळकरी मुलींनी पायथागोरसच्या प्रमेयाची त्रिकोणमितीवर आधारलेली सिद्धता मार्च २०२३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत मांडली. जाणकारांच्या तपासणीतून जाऊन त्यांचा लेख ‘मंथली’त छापून आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधले दीड वर्ष लेखन सुधारण्यात आणि वाट पाहण्यात गेले. कापरेकरांना याहून कितीतरी अधिक थांबावे लागले.

शेवटी एक प्रयोग. हीच कृती पाच अंकी संख्यांवर करा. मधला अंक वजाबाकीत गळून जातो आणि पुन्हा ५४ च जोड्या तपासायच्या उरतात. पण या वेळी एकही संख्या स्थिर राहत नाही. ५३९५५ पासून ५९९९४ येते आणि त्यापासून पुन्हा ५३९५५. अशी चक्रे एकूण किती, हे मुलांना शोधू द्यावे. उत्तर सापडले की ते कारणासह वहीत लिहायला सांगावे आणि खाली त्या दिवसाची तारीख घालायला लावावी.