लॉर्ड रिपन यांची निष्ठा

शाळेत असताना लॉर्ड रिपन यांना आम्ही परीक्षेतील दोन गुणांपुरते ओळखत होतो. ‘भारतातील स्थानिक स्वराज्याचे जनक कोण?’ या प्रश्नाचे ते उत्तर. आम्ही ते पाठ केले, लिहिले आणि विसरलो. हा व्हाइसरॉय आपल्यासारखाच मिस्साबलिदानाला गुडघे टेकणारा कॅथोलिक होता आणि त्या एकाच कारणासाठी त्याच्या देशाने त्याला राजकारणातून जवळजवळ बाद ठरवले होते, हे आम्हांला ना पुस्तकाने सांगितले, ना गुरुजींनी.

जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युएल रॉबिन्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२७ रोजी लंडनमध्ये १० डाउनिंग स्ट्रीट या घरात झाला. वडील त्या वेळी पंतप्रधान होते. त्यांचे मंत्रिमंडळ मात्र पार्लमेंटला सामोरे जाण्याआधीच कोसळले. मुलगा तारुण्यात मॉरिस आणि किंग्जली यांच्या ख्रिस्ती समाजवादी मंडळात वावरला. १८५२ साली त्याने लोकशाहीचा पुरस्कार करणारी एक पुस्तिका लिहिली. ती मॉरिस यांनाच इतकी जहाल वाटली, की त्यांनी तिचे वितरण थांबवले! पुढे खासदारकी, युद्धमंत्रिपद, काही महिने भारतमंत्रिपद अशा पायऱ्या ते चढत गेले. ग्लॅडस्टन यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात शिक्षणाचा कारभार त्यांच्या देखरेखीखाली होता. १८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्याच काळातला. १८७१ मध्ये अमेरिकेशी वॉशिंग्टनचा तह घडवून आणल्याबद्दल त्यांना मार्क्विस हा किताब मिळाला. त्याशिवाय ते इंग्लंडमधील फ्रीमेसन संघटनेचे प्रमुख होते. पंतप्रधानपदही त्यांना फार दूर नव्हते, असे म्हणता येईल.

आणि ७ सप्टेंबर १८७४ रोजी, फ्रीमेसनचे प्रमुखपद सोडून, त्यांनी लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरीत कॅथोलिक श्रद्धेचा स्वीकार केला.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा केवळ खाजगी प्रश्न नव्हता. वृत्तपत्रांनी त्यांचे राजकीय जीवन संपल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांच्या टीकेपेक्षा जुन्या स्नेह्याचे शब्द अधिक झोंबले. त्याच शरदऋतूत ग्लॅडस्टन यांनी लिहिले, की रोमच्या पंथात जाणारा माणूस आपले मानसिक स्वातंत्र्य टाकून देतो आणि आपली नागरी निष्ठा दुसऱ्याच्या मर्जीवर सोडतो. कोणाचे नाव घेतलेले नव्हते. पण रिपन यांनी तो घाव आपल्यावरच ओढून घेतला. यात नवल ते काय? निष्ठेची शंका ही अशी वस्तू आहे, की तिला शब्दांनी उत्तर देता येत नाही. रिपन यांनी वाद फारसा वाढवला नाही. ते आपल्या यॉर्कशायरच्या घरी राहिले.

सहा वर्षांनी, १८८० मध्ये, ग्लॅडस्टन पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्यांनीच रिपन यांना भारताचे व्हाइसरॉय नेमले. आयर्लंडच्या व्हाइसरॉयपदासारखे पद कॅथोलिकाला देण्यास कायद्याची बंदी होती. भारताच्या बाबतीत ती नव्हती. कडव्या प्रॉटेस्टंटांनी आरडाओरड केली. ग्लॅडस्टन बधले नाहीत. आपले लिखाण त्यांनी मागे घेतले नाही, पण माणूस पारखला, हे आमच्या मते त्यांच्या मोठेपणाचे लक्षण.

रिपन यांच्या साडेचार वर्षांत काय घडले, ते येथे सगळे सांगत नाही. १८८१ चा कारखान्यांचा कायदा मुंबईच्या गिरण्यांनाही लागू झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास एवढीच मर्यादा! आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यापूर्वी ही मर्यादादेखील नव्हती. देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी त्यांनी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली आणि पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. १८ मे १८८२ चा ठराव तर आपल्या पाठ्यपुस्तकातलाच. स्थानिक मंडळांत सरकारी सभासद एक तृतीयांशाहून अधिक नसावेत आणि शक्य तेथे निवडणूक व्हावी, असे त्यात म्हटले होते. कारभार लगेच सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांना राजकीय शिक्षण मिळावे म्हणून. मुंबई इलाख्यात तदनुसार १८८४ मध्ये कायदे झाले.

मग इल्बर्ट विधेयक आले. जिल्ह्यांतील भारतीय न्यायाधीशांना गोऱ्या आरोपीचा खटला चालवता यावा, एवढीच त्याची मागणी होती. कलकत्त्याचे गोरे व्यापारी आणि मळेवाले खवळले. व्हाइसरॉयच्या मेजवान्यांवर बहिष्कार पडला. त्यांना पळवून जहाजावर चढवण्याचा बेत शिजल्याचीही वदंता होती. अखेर रिपन नमले. जानेवारी १८८४ च्या कायद्यात गोऱ्या आरोपीला निम्मे तरी ज्यूरी युरोपीय किंवा अमेरिकन मागण्याचा हक्क मिळाला. ही माघार आम्ही झाकू इच्छित नाही. त्यांचा पुरस्कार करणाऱ्यांनाही ती बोचली.

तरीही डिसेंबर १८८४ मध्ये ते निघाले, तेव्हा कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत लोकांनी दिलेला निरोप अपूर्व होता. एका वर्षाने याच मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ज्याच्या निष्ठेविषयी मायदेशात शंका घेतली गेली, त्याच्यासाठी परक्या देशातील हिंदू, मुसलमान, पारशी रस्त्यावर आले होते. फोर्टमधील रिपन क्लब ही पारशी मंडळींची संस्था त्याच वर्षी स्थापन झाली.

मायदेशी ते नौदलमंत्री झाले, वसाहतमंत्री झाले आणि ऐंशीच्या घरात लॉर्ड्स सभेत उदारमतवादी पक्षाचे नेते होते. सप्टेंबर १९०८ मध्ये लंडनला जागतिक ख्रिस्तशरीर परिषद भरली. पवित्र ख्रिस्तशरीराची रस्त्यातून मिरवणूक निघणार होती. पंतप्रधान अॅस्क्विथ यांना ती नको होती आणि आर्चबिशप बोर्न यांना तसे कळवण्याचे काम मंत्रिमंडळातील कॅथोलिकाकडे, म्हणजे रिपन यांच्याकडे, आले. त्यांनी निरोप पोहोचवला. मिरवणूक ख्रिस्तशरीराविना निघाली आणि आशीर्वाद वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलच्या सज्ज्यातून देण्यात आला. पुढच्याच महिन्यात रिपन यांनी राजीनामा दिला. कारण वय, असे त्यांनी सांगितले. जाणणाऱ्यांना उरलेले कळले.

९ जुलै १९०९ रोजी ते निवर्तले. यॉर्कशायरमधील स्टडली रॉयल येथे त्यांच्या पत्नीने, ग्रीसमध्ये दरोडेखोरांनी ठार केलेल्या आपल्या भावाच्या स्मरणार्थ, एक अँग्लिकन चर्च बांधले होते. कॅथोलिक रिपन यांची समाधी तेथेच, पत्नीच्या शेजारी आहे.