गोळीबार, पोलिसांचा

गोळीबार, पोलिसांचा : बेकायदेशीर जमाव पांगविण्यासाठी, आत्मसंरक्षणार्थ किंवा गंभीर गुन्ह्यातील आरोपीस अटक करताना पोलिसांनी केलेला अग्निशस्त्रांचा वापर. न्यायालयीन निवाड्याविना नागरिकाचे प्राण घेण्याची मुभा राज्यसंस्था आपल्या सेवकांस देते, अशी शांतताकाळातील ही जवळजवळ एकमेव बाब होय. साहजिकच प्रत्येक गोळीबारानंतर दोन प्रश्न उपस्थित होतात : गोळीबार आवश्यक होता काय आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात पहिल्या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दुसरा प्रश्न वादग्रस्त ठरला आहे.

यासंबंधीचा कायदा ब्रिटिश अमदानीत घडला आणि त्याचा सांगाडा अद्याप फारसा बदललेला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतुदी १९७३ च्या संहितेत (कलमे १२९ ते १३२) व तेथून १ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (कलमे १४८ ते १५१) उतरल्या. त्यांनुसार पाच अगर अधिक व्यक्तींच्या, शांततेस धोका असलेल्या जमावास प्रथम पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो व तो न मानल्यास बळाचा वापर करता येतो. पूर्वसूचना द्यावी, कमीत कमी गोळ्या झाडाव्यात, नेम खाली धरावा, जमाव हटू लागताच गोळीबार थांबवावा, जखमींना तत्काळ उपचार मिळवून द्यावेत आणि झाडलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवावा, असे पोलिसांना दिले जाणारे शिक्षण आहे. तथापि याच कलमांच्या अखेरीस असे संरक्षण आहे, की सद्‌भावनेने केलेले कृत्य अपराध ठरत नाही व शासनाच्या मंजुरीवाचून संबंधित पोलिसावर खटला भरता येत नाही. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली आयोग नेमावयाचा की नाही हेही सामान्यतः शासनच ठरविते. विधिमंडळाने तसा ठराव केल्यास आयोग नेमणे बंधनकारक होते खरे. परंतु ठराव संमत करणारे बहुमत शासनाचेच असते. आयोगाचा अहवाल केवळ शिफारशींच्या स्वरूपाचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डालमिया विरुद्ध तेंडोलकर या खटल्यात १९५८ मध्ये स्पष्ट केले. सारांश, चौकशीचा आरंभ, तिच्या निष्कर्षांचा स्वीकार आणि खटल्याची मंजुरी या तिन्ही कळा एकाच हाती आहेत, आणि त्या हातानेच गोळीबाराचा हुकूम दिलेला असण्याचा संभव असतो.

पारतंत्र्यकाळात उत्तरदायित्वाची अपेक्षाच नव्हती असे म्हणता येत नाही. ती होती, परंतु तिची वाट अडविलेली होती. जालियनवाला बागेतील हत्याकांड (१३ एप्रिल १९१९) लष्कराच्या हातून घडले; तरी त्यानंतरचा क्रम बोलका आहे. हंटर समितीने साक्षी नोंदविण्यापूर्वीच अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केंद्रीय विधिमंडळाने संमत केला. मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासह समितीच्या भारतीय सदस्यांना वेगळा अहवाल लिहावा लागला. महाराष्ट्रात सोलापूर येथे ८ मे १९३० रोजी गोळीबार होऊन पुढे लष्करी कायदा जारी झाला. न्यायासनासमोर मात्र सोलापूरकरच उभे राहिले आणि त्यांपैकी चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. आजच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे स्वरूप बदलले, कारण गोळीबाराचा हुकूम देणारे शासन आता मतदारांना बांधलेले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईतील फ्लोरा फाउंटन परिसरात झालेल्या गोळीबारात १५ जण मृत्युमुखी पडले. जानेवारी १९५६ मधील गोळीबारांत ही संख्या पुष्कळच वाढली. आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या १०५ (नंतरच्या याद्यांत १०६ वा १०७) अशी रूढ झाली. मोरारजी देसाई यांच्या मुंबई राज्य शासनाने न्यायालयीन चौकशीची मागणी मान्य केली नाही. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला, तेव्हा लोकसभेतील निवेदनात मुंबईच्या राज्याविषयीच्या निर्णयपद्धतीबरोबरच गोळीबाराची चौकशी नाकारल्याचाही त्यांनी निषेध केला. कोणत्याही आंदोलनात नसलेल्या, आयुष्य प्रशासनात घालविलेल्या एका मंत्र्याने हा मुद्दा पदत्यागाइतका महत्त्वाचा मानला, ही गोष्ट लक्षणीय आहे. चौकशी अखेरपर्यंत झाली नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरघोस मते दिली आणि १९६० मध्ये राज्य स्थापन झाले. गोळीबाराच्या जागी हुतात्मा स्मारक उभे राहिले. [⟶ संयुक्त महाराष्ट्र आंदोलन].

पुढील काळातील अनेक गोळीबारांच्या मुळाशी जमीन व पाणी यांचे प्रश्न आढळतात. न्हावा-शेवा बंदर व नवी मुंबई यांसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांवर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातच गोळीबार झाला व पाच जण मरण पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले आणि राज्यात इतरत्रही त्याचे अनुकरण झाले. भरपाईचे सूत्र बदलले, परंतु गोळीबाराच्या उत्तरदायित्वाचे सूत्र तेथेच राहिले.

न्यायालयीन उत्तरदायित्वाच्या दृष्टीने घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकरनगरचा गोळीबार (११ जुलै १९९७) विशेष महत्त्वाचा होय. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेमुळे संतप्त झालेल्या रहिवाशांवर राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या व दहा जण ठार झाले. जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटविण्याच्या बेतात होता, असे समर्थन करण्यात आले; न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या आयोगाने ते ग्राह्य मानले नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. तुकडीच्या प्रमुख उपनिरीक्षकास सत्र न्यायालयाने मे २००९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सु. बारा वर्षांनी, जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाने लवकरच त्याला जामीन दिला. या घटनेने व्यथित होऊन शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या जय भीम कॉम्रेड या अनुबोधपटाने हा विषय पुढच्या पिढीपर्यंत नेला.

जमावावरील गोळीबाराहून तथाकथित चकमक निराळी. तीत मरणारा सहसा एकटा असतो आणि साक्षीदार पोलीसच असतात. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या अशा चकमकींसंबंधी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने महाराष्ट्र शासनाविरुद्ध दाद मागितली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा निर्देश दिले. स्वतंत्र यंत्रणेकडून तपास, दंडाधिकाऱ्याकडून चौकशी आणि घटनेनंतर लगेच शौर्यपदक वा बढती न देणे हे त्यांतील प्रमुख होत. सर्वोच्च न्यायालयाच्याच २००६ मधील प्रकाशसिंग निवाड्यानंतर पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य प्राधिकरणाची तरतूद महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायद्यात करण्यात आली.

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न एका वाढत्या शहराच्या तहानेतून उद्भवला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. १९९७ मध्ये इंद्रायणीकाठची चऱ्होली, मोशी, चिखली इ. गावे तिच्या हद्दीत आली. कारखाने व वसाहती यांबरोबर पाण्याची गरज वाढत गेली. पवना धरणाचे पाणी नदीपात्रातून सोडून रावेत येथील बंधाऱ्यावर उचलण्याऐवजी ते धरणापासूनच सु. ३५ किमी. लांबीच्या बंद जलवाहिनीने निगडीपर्यंत आणण्याची योजना जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाखाली हाती घेण्यात आली. पाण्याची गळती व प्रदूषण टळेल, असे महापालिकेचे म्हणणे होते व ते अग्राह्य नव्हते. नदीत पाणी वाहिले नाही तर काठावरच्या उपसा सिंचनाचे काय, ही मावळच्या शेतकऱ्यांची शंकाही तितकीच रास्त होती. त्यातच धरणासाठी पूर्वी जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन रखडले होते.

९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनी, शेतकऱ्यांनी बऊर गावानजीक मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग रोखला. विरोधी पक्षही आंदोलनात होते. दगडफेक झाल्यानंतर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात एका स्त्रीसह तिघे मरण पावले. जमावापासून आत्मसंरक्षण हे पोलिसांचे समर्थन होते. परंतु या वेळी कॅमेरे हजर होते : पळणाऱ्या लोकांवर शस्त्र रोखणारे व उभ्या वाहनांची मोडतोड करणारे पोलीस राज्यभर दूरचित्रवाणीवर दिसले. १९५६ मध्ये चौकशी नाकारणे शक्य झाले होते; २०११ मध्ये ते अशक्य झाले, याचे श्रेय कायद्यापेक्षा या चित्रणाला अधिक द्यावे लागते. विधिमंडळात गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला आणि जलवाहिनीचे काम स्थगित झाले.

स्थगिती बारा वर्षे टिकली. तिघांच्या मृत्यूचा सर्वांत दृश्य परिणाम असा झाला, की योजना थांबली. बंदुकीच्या वापराविषयीचा कायदा होता तसाच राहिला. निवडणुकांच्या प्रचारात मावळचा उल्लेख वेळोवेळी होत राहिला. दरम्यान महापालिकेने रावेतचा उपसा चालूच ठेवला व आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीवरील निघोजे येथून उचलून चिखलीच्या केंद्रात शुद्ध करण्याची वेगळी योजना कार्यान्वित केली. २०२३ मध्ये राज्य शासनाने पवना जलवाहिनीवरील स्थगिती उठविली, तेव्हा मावळातून विरोध पुन्हा व्यक्त झाला.