केळापूरचे जंगल: हाक्यापासून सफारीपर्यंत

केळापूर तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पैनगंगेच्या उत्तरेला आहे. तालुक्याचा कारभार पांढरकवड्याहून चालतो. केळापूर हे मूळ गाव तिथून जवळच, जगदंबेच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे. नागपूर-हैदराबाद महामार्ग तालुक्याच्या मधोमध जातो आणि पाटणबोरी ओलांडल्यावर थोड्याच अंतरात पैनगंगेचा पूल व तेलंगणाची हद्द येते. सपाटीवर काळी जमीन, तिच्यात कापूस आणि तूर. टेकड्यांवर सागाचे पानगळी रान. या रानाचा जो तुकडा टिपेश्वर अभयारण्य म्हणून राखला गेला, तिथे आज देशभरातून माणसे वाघ पाहायला येतात. पाहुण्याला जंगलात नेऊन जनावर दाखवण्याचा हा धंदा या भागात नवा वाटतो, पण त्याची मुळे शिकारीच्या जुन्या व्यवस्थेत आहेत. बंदूक जाऊन कॅमेरा आला, माग काढणारा माणूस मात्र तोच राहिला.

हा माणूस बहुतेक वेळा कोलाम किंवा गोंड असे. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी या पट्ट्यात कोलामांच्या वस्त्या गावापासून थोड्या दूर, रानाच्या कडेला असतात. त्यांना पोड म्हणतात. पोडाचा नाईक वस्तीचा कारभार पाही. शेती, मोहफूल, डिंक, मध, बांबूकाम आणि छोटी शिकार यांवर घर चाले. ससा, रानडुक्कर, तितर यांच्या शिकारीसाठी जाळी, फास आणि कुत्री वापरत. फासेपारधी तर फास लावण्यातच निष्णात होते. वाघाशी या लोकांचा संबंध वेगळ्या प्रकारचा होता: त्याला देव मानून शेंदूर लावलेली दगडी ठाणी रानाच्या वाटेवर असत, आणि गुरे चारताना तो कोणत्या नाल्यात बसला आहे याची खबर ठेवणे हा रोजच्या जगण्याचा भाग होता. वाळूत उमटलेला पंजा कालचा की आजचा, माकडाने दिलेला इशारा वाघासाठी की बिबट्यासाठी, हे ज्ञान कोणत्याही वनखात्याच्या आधीचे आहे.

1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. 1864 मध्ये आग्नेय वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा झाला, तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. 1905 मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. जमिनीची मोजणी झाली तशी जंगलाचीही वाटणी झाली. 1886 च्या वऱ्हाड वन कायद्याने सरकारी जंगले अ, ब आणि क अशा वर्गांत विभागली: इमारती लाकूड व सरपणासाठी अ, चाऱ्याच्या रमण्यांसाठी ब, गुरचराईसाठी क. कागदावर ही सोय नेटकी होती. पोडांच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा की कालपर्यंत ज्या रानात फिरायला कुणाला विचारावे लागत नव्हते, तिथे आता जंगल-गार्डाची परवानगी लागू लागली. फास लावणारा गुन्हेगार ठरला आणि परवाना घेऊन बंदुकीने मारणारा शिकारी. वऱ्हाडातल्या वन्यजीवांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय म्हटला पाहिजे, कारण जनावरांची संख्या फासांनी घटली नाही, बंदुकांनी घटली.

त्या काळात वाघ मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई, नरभक्षक असेल तर जास्त. त्याच वेळी साहेब लोकांच्या मृगयेसाठी राखीव जंगलांचे शिकारीचे ब्लॉक पाडले जात. ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी परवान्याने मिळे, कोणते जनावर किती मारायचे हे परवान्यावर लिहिलेले असे आणि काही प्राण्यांना विणीच्या हंगामात संरक्षण असे. 1912 च्या वन्यपक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने या बंद हंगामाला देशभर कायद्याचा आधार दिला. जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर, पोलीस अधिकारी, वनाधिकारी आणि त्यांचे पाहुणे हे या व्यवस्थेचे मुख्य लाभार्थी. डाक बंगल्यात मुक्काम आणि सोबत बैलगाड्यांवर तंबू, खाट, टेबल, खानसामा असा लवाजमा. ऐषारामाची सफारी म्हणून आज जे विकले जाते, त्याचे जवळपास सगळे सामान तेव्हाच जमले होते.

वाघाच्या हाक्याची रीत मध्य भारतात सगळीकडे साधारण एकच होती. गावातला माग काढणारा आधी दोन-तीन दिवस नाले आणि पाणवठे हिंडून वाघाचा फिरण्याचा रस्ता ठरवी. संध्याकाळी योग्य जागी रेडकू बांधले जाई. पहाटे ते मारलेले आढळले की खरी घाई सुरू होई. मारलेले जनावर वाघाने कोणत्या दिशेला फरफटत नेले, त्या बाजूला पाणी व सावली कुठे आहे, यावरून तो दुपारी कुठे पडून असेल हे ओळखायचे. मग त्या झाडीच्या एका तोंडाला, वाऱ्याची दिशा पाहून, झाडावर मचाण बांधायचे. आवाज होऊ नये म्हणून खिळे न ठोकता वेलीने किंवा दोरीने लाकडे आवळत. मचाणापासून दोन्ही बाजूंना पसरत गेलेल्या रांगेत झाडांवर माणसे बसवत. वाघ त्यांच्याकडे वळू लागला की ती कुऱ्हाडीचा दांडा फांदीवर हलकेच ठोकत, तेवढ्याने तो पुन्हा मधल्या वाटेला लागे. मोठा आवाज झाला तर तो बिथरून हाकाऱ्यांवरच उलटण्याचा धोका. दुसऱ्या टोकाकडून साठ-सत्तर हाकारे ढोल, डबे, आरोळ्या यांचा गजर करत पुढे सरकत. साहेबाची गोळी नीट बसली तर सगळे आटोपले. नेम चुकून वाघ जखमी झाला तर त्याचा माग काढत झाडीत पहिले पाऊल टाकायचे ते त्या गावच्या माणसानेच. छायाचित्रात मेलेल्या वाघामागे उभा दिसतो तो साहेब. हाकाऱ्यांच्या हाती एका दिवसाची मजुरी पडे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने बिघडले. लष्कराच्या जुन्या जीपगाड्या बाजारात आल्या, रात्री प्रकाशझोत टाकून गाडीतूनच गोळी झाडण्याची सोय झाली आणि पीकसंरक्षणाच्या नावाखाली दिलेल्या बंदुकाही वाढल्या. हाक्याला निदान रान वाचता येणारा माणूस लागे. जीप आणि दिव्याला तोही लागत नव्हता.

याच काळात शिकारीला कंपनीचे रूप आले, आणि त्याचे एक मोठे केंद्र नागपूर होते. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर ॲल्विन कूपर नावाची कंपनी काढली. मध्य भारताच्या जंगलांत पाहुण्यांसाठी मोठ्या जनावरांच्या शिकारी आणि छायाचित्रणाच्या सफरी घडवणे हा तिचा व्यवसाय. अशा शिकार कंपन्यांचे गणित सोपे होते. परदेशी पाहुण्याला परवाना, वाहन, तंबू, स्वयंपाकी, शिकारी आणि शेवटी कातडे कमावून घरपोच पाठवण्यापर्यंत सगळे एकाच रकमेत मिळे. हा नमुना पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत आधीच रुळलेला होता. सरकारलाही परकीय चलन हवे होते, त्यामुळे वाघाची शिकार हे पर्यटनाचे आकर्षण म्हणून उघडपणे मांडले जाई.

1969 मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेचे अधिवेशन भरले आणि तिथे वाघाच्या घटत्या संख्येचा प्रश्न ऐरणीवर आला. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1972 च्या गणनेत देशात 1827 वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत विदर्भातले मेळघाट होते. ताडोबा तर 1955 पासूनच राष्ट्रीय उद्यान होते. शिकार कंपन्यांचा हंगाम एका फटक्यात संपला.

दक्षिण आफ्रिकेत हाच बदल निराळ्या वाटेने झाला. क्रूगर राष्ट्रीय उद्यान 1926 मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी त्यात पर्यटकांच्या पहिल्या तीन मोटारी शिरल्या. उद्यानाला लागून खासगी शिकारीच्या जमिनी होत्या. त्यांपैकी मालामालासारख्या मालमत्तांनी 1960 च्या दशकापासून बंदूक बाजूला ठेवून कॅमेऱ्याचा पाहुणा धरला. तिथे जमीन खासगी मालकीची असल्याने राहण्याची आलिशान सोय जंगलाच्या आतच उभी राहिली, रात्रीच्या आणि पायी फेऱ्या निघू लागल्या, गाडीच्या पुढच्या टोकाला बसून माग काढणाऱ्याचे काम प्रतिष्ठेचे ठरले. नामिबियाने 1996 मध्ये कायदा बदलून स्थानिक समूहांच्या संस्थांना आपल्या भागातील वन्यप्राण्यांच्या उपयोगाचे आणि त्यातून येणाऱ्या उत्पन्नाचे हक्क दिले, आणि वाळवंटी मुलुखातल्या कितीतरी सफारी आज या संस्थांशी करार करून चालतात. भारतात जंगल आणि जनावर दोन्ही सरकारच्या ताब्यात. त्यामुळे इथली सफारी फाटकापाशी सुरू होते, ठरल्या वेळेत संपते, आणि मुक्कामाची ठिकाणे हद्दीबाहेर असतात. गैरवापर रोखण्याच्या दृष्टीने भारताची पद्धत भक्कम आहे. समूहाच्या हक्कांबाबत नामिबियाची वाट अधिक न्याय्य आहे.

केळापूरकडे मात्र या सगळ्या धामधुमीत कुणाचे फारसे लक्ष नव्हते. मेळघाट आणि ताडोब्याचे नाव झाले, इथले रान लाकूड, तेंदूपान आणि चराईचे रान म्हणूनच गणले जाई. 1997 मध्ये टिपाई देवीच्या ठाण्याभोवतीचे 148.63 चौरस किलोमीटरचे क्षेत्र टिपेश्वर अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पैनगंगेच्या काठचे पैनगंगा अभयारण्य आणि नदीपलीकडचे तेलंगणातील कवाल ही दोन संरक्षित क्षेत्रे जवळच असल्याने या छोट्या तुकड्याला आकारापेक्षा मोठे महत्त्व आले. संरक्षण कडक झाले, गवताळ माळ पुन्हा वाढले, चितळ, रोही आणि रानडुकरांची संख्या वाढली. त्यांच्यामागून वाघ वाढला. ज्या रानाचे दोन दशकांपूर्वी जिल्ह्याबाहेर नावही नव्हते, तिथे वाघ हमखास दिसतो अशी ख्याती झाली.

सुन्ना, माथनी आणि कोदोरी या फाटकांतून जिप्सी आत जातात. हिवाळ्यात पहाटे सुन्न्याच्या फाटकावर गारठा चांगलाच असतो. पाहुणे शाली, कानटोप्यांत गुरफटलेले, ओळखपत्रे तपासली जाताहेत, आणि प्रत्येक गाडीत एक गाइड चढतो. हा गाइड जवळच्या गावचा असतो. गाडी चालू असतानाच तो कडेच्या धुळीवर नजर ठेवतो. पंजाचा ठसा दिसला की हात वर करतो, गाडी थांबते. ठशाच्या कडा कोरीव आहेत का, त्यावर दव पडले आहे का, रात्री फिरणाऱ्या किड्याची रेघ त्यावरून गेली आहे का, एवढे पाहून वाघ किती वेळापूर्वी गेला ते तो सांगतो. मग इंजिन बंद. चितळाचा कॉल येतो का याची वाट. हाक्याच्या आदल्या दिवशी नाले हिंडणाऱ्याचे जे काम होते, तेच हे. फरक असा की आता त्याच्या अंगावर गणवेश आहे, फेरीचे मानधन ठरलेले आहे, आणि फेरी संपली तरी वाघ जिवंत असतो. पावसाळ्यात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत फेऱ्या बंद राहतात, तेव्हा गाइड पुन्हा कपाशीच्या निंदणाला लागतात.

अभयारण्य लहान आणि वाघ जास्त, याचा परिणाम हद्दीबाहेर दिसतो. वयात आलेल्या वाघाला आपले क्षेत्र शोधावेच लागते. टिपेश्वरच्या एका वाघिणीच्या बछड्याला 2019 च्या सुरुवातीला रेडिओ कॉलर लावली होती. तो जूनमध्ये निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणाच्या हद्दीतून फिरत वर्षाअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर काढेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरपर्यंत गेली होती. 2024 च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आढळला. शेतातून, ओढ्यांच्या काठाने, महामार्ग ओलांडत ही जनावरे जातात. टिपेश्वरच्या इतिहासातले हे पान सफारीच्या कोणत्याही छायाचित्रापेक्षा मोलाचे आहे.

दुसरी बाजू कडू आहे. पांढरकवडा आणि राळेगाव भागातील संरक्षित क्षेत्राबाहेरच्या झुडपी रानात 2016 ते 2018 या काळात तेरा माणसांचे बळी गेले आणि त्यांचा ठपका प्रामुख्याने टी-1 या वाघिणीवर ठेवला गेला. गावकरी शेतात जाईनासे झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. हत्ती, कॅमेरे, शोधपथके अशी महिनोन्महिने चाललेली मोहीम 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात संपली. हैदराबादहून बोलावलेल्या खासगी शिकाऱ्यांच्या पथकाच्या गोळीने ती मेली. अवनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाघिणीसाठी देशभर हळहळ व्यक्त झाली, रात्रीच्या कारवाईवर प्रश्न उठले, आणि ते उठायलाच हवे होते. पण मेलेल्या तेरा जणांची घरे कोरडवाहू शेतीवर आणि गुरांवर जगणारी होती, हे त्या गदारोळात शहरांनी पुरेसे ऐकले नाही.

रोजचे नुकसान वाघापेक्षा रोही आणि रानडुक्कर करतात. पीक हाताशी आले की शेतकरी रात्रभर जागलीला बसतो. बांधावरच्या मचाणावर एक बाज, घोंगडी, टॉर्च आणि वाजवायला डबा एवढे सामान. कुंपणाला वीज सोडणे आणि तारेचे फास लावणे हे गुन्हे या हतबलतेतूनही घडतात, आणि त्यात वाघ सापडतो. पिकाची नुकसानभरपाई मिळते, पण पंचनाम्यापासून पैसे खात्यात येईपर्यंतचा काळ लांबतो.

राज्य सरकारने 2015 मध्ये संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू केली. स्वयंपाकाचा गॅस, कुंपण, दुभती जनावरे, रोजगाराचे प्रशिक्षण अशी कामे तिच्यातून गावातील समितीमार्फत होतात. फाटकांवर गाइड आणि जिप्सीचालक म्हणून काम मिळाल्याने काही तरुण गावातच राहिले, काहींनी महामार्गालगतच्या रिसॉर्टांत नोकऱ्या धरल्या. रिसॉर्टांची मालकी मात्र मुख्यतः भांडवल असणाऱ्यांकडेच जाते, आणि पोडांतली मोजकी माणसे गाइडच्या यादीत दिसतात. ज्यांच्या आजोबांनी साहेबांसाठी माग काढले, त्यांच्या नातवंडांना प्रशिक्षणात आणि फाटकाच्या उत्पन्नात आधीचा वाटा मिळणे हा त्यांचा हक्क आहे, आणि केळापूरच्या सफारीच्या कारभारात तो अजून नीट लिहिला गेलेला नाही.