तळघरापासून दिवाणखान्यापर्यंत

घरांत बसून गाणें ध्वनिमुद्रित करावयाचें आणि त्यांतील आवाजांचें मिश्रणही घरींच करावयाचें, हा संगणकयुगाचा चमत्कार आहे, असें तरुण मंडळींकडून आम्ही वारंवार ऐकतों. चमत्कार खरा, पण तो नवा नव्हे. अमेरिकेंतील खेडवळ गायनाला तिकडे 'कंट्री' संगीत म्हणतात. त्याची सर्वांत मोठी पेठ एका साध्या घराच्या तळघरापासून वाढली, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

या गायनाचीं गाजलेलीं ध्वनिमुद्रणें 1927 च्या उन्हाळ्यांत टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं झालीं. व्हिक्टर कंपनीच्या वतीनें राल्फ पीर यानें टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतींत आपलें सामान मांडलें आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांचे आवाज मेणाच्या तबकडीवर उतरविले. त्या काळीं मिश्रण म्हणजे केवळ पावलांचा हिशेब होता. ज्याचा आवाज दणकट त्यानें मायक्रोफोनपासून दूर सरावें, ज्याचा बारीक त्यानें जवळ यावें. एकदां सुई चालूं लागली कीं मागाहून दुरुस्ती नाहीं.

पुढें नॅशव्हिल शहरांत ओवेन ब्रॅडली व त्याचा भाऊ हॅरोल्ड यांनीं सोळाव्या ॲव्हेन्यूवरील एक घर विकत घेतलें आणि 1955 च्या सुमारास त्याच्या तळघरांत स्टुडिओ थाटला. छत ठेंगणें पडलें, म्हणून वरच्या मजल्याची जमीनच काढून टाकिली! तेंही अपुरें झालें, तेव्हां घरामागें लष्करी धाटणीची अर्धगोल पत्र्याची कोठी उभी केली. गाण्यासाठीं घर असें मोडतां-जोडतां येतें, ही कल्पनाच आम्हांस फार आवडते.

या कोठींत 1960 सालीं मार्टी रॉबिन्सचें एक गाणें चाललें असतां मिश्रणयंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या वाद्यांतून घोगरा, फाटका स्वर निघाला. दुसऱ्या कोणीं तो पुसून टाकिला असता. येथें तो तसाच ठेविला. ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञानें मग तोच बिघाड बुद्ध्या घडवून आणणारें यंत्र रचलें, आणि 1962 सालीं गिब्सन कंपनीनें तें बाजारांत आणलें. दोषाचा असा व्यापार क्वचितच पाहावयास मिळतो.

त्याहून हृद्य कथा पॅट्सी क्लाईन हिची. जून 1961 मध्यें मोटारीच्या अपघातांत ती जबर जखमी झाली. ऑगस्टमध्यें विली नेल्सनचें 'क्रेझी' हें गाणें गाण्यास ती उभी राहिली, पण दुखऱ्या बरगड्यांमुळें वरचे सूर लागेनात. ध्वनिफितीवर आतां तीन वेगळ्या पट्ट्या होत्या. म्हणून ब्रॅडलीनें वाद्यें तेवढीं मुद्रित करून घेतलीं व तिला घरीं पाठविलें. कांहीं आठवड्यांनीं ती परत आली आणि एका खेपेंत गाऊन मोकळी झाली. यंत्रानें येथें फसवणूक केली नाहीं, फक्त एका दुखावलेल्या देहाला सवड दिली. मिश्रणकलेचें याहून मोठें समर्थन आम्हांस सुचत नाहीं.

सवडीबरोबर मोहही आला. व्हायोलिनांचे ताफे, मागें गुणगुणणारे गायकवृंद यांनीं गाणीं गुळगुळीत झालीं. तीं शहरांत खपलीं हें खरें, आणि कित्येक सुंदरही आहेत. परंतु दहांपैकीं सहांत गायक पाहुण्यासारखा कोपऱ्यांत बसलेला वाटतो. आज घरच्या संगणकांत तीनच नव्हे, शेंकडों पट्ट्या मिळतात, तेव्हां हा मोह किती वाढला असेल!

जॉनी कॅश यास कोलंबिया कंपनीनें 1986 सालीं निरोप दिला होता. वयाची साठी उलटल्यावर रिक रुबिन या निर्मात्यानें त्यास लॉस एंजेलिस येथील आपल्या दिवाणखान्यांत बसविलें. एक गिटार आणि एक आवाज. मिश्रणास दुसरें कांहीं उरलेंच नव्हतें. कांहीं गाणीं टेनेसींत कॅशच्या स्वतःच्या लांकडी खोपटांतही घेतलीं. श्वास ऐकूं येतो, थकवा ऐकूं येतो. त्यांतील एकही गोष्ट झांकलेली नाहीं. 1994 सालीं 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' या नांवानें तो संग्रह निघाला आणि त्यास ग्रॅमी पारितोषिकही मिळालें. मौज अशी, कीं तें मिळालें समकालीन लोकगीतांच्या वर्गांत. कंट्री संगीताच्या नव्हे.