मुंबई सिटी एफसी

मुंबई सिटी एफसी : इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) मुंबईचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. स्थापना ३० ऑगस्ट २०१४. संस्थापक-मालक अभिनेते रणबीर कपूर व सनदी लेखापाल बिमल पारेख. नोव्हेंबर २०१९ ते डिसेंबर २०२५ या काळात क्लबचा ६५ टक्के हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपकडे होता. क्लबची दोन्ही लीग-शील्डे आणि आयएसएलचे दोन्ही करंडक याच काळातले.

पूर्वपीठिका : मुंबईच्या फुटबॉलला कंपनीचा पैसा नवा नाही. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया यांचे संघ कूपरेजच्या मैदानावर वर्षानुवर्षे खेळले. या संघांतला खेळाडू सहसा आधी कंपनीचा कर्मचारी असे. हजेरीपटावर नाव, महिन्याला पगार आणि खेळ थांबल्यावरही नोकरी. व्यावसायिक लीग आली आणि हा आधार सुटत गेला. महिंद्रांचा १९६२ पासूनचा संघ पुढे महिंद्रा युनायटेड या नावाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकला. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला आणि आपले लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवले. पुण्यात अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, पण दशकभरही टिकला नाही. त्याच शहरातला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपुष्टात आला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. या तिन्ही क्लबांना पैसा व प्रशिक्षक मिळाले होते आणि प्रेक्षकही होते. मालकाने हात काढून घेतल्यावर क्लब कोणाच्या नावे चालवायचा, याची तरतूद मात्र एकाकडेही नव्हती. म्हणून कंपनी-मालकीच्या क्लबची नोंद करताना त्याने काय जिंकले, याच्या जोडीने मालक गेल्यावर काय उरले, हेही नोंदवले पाहिजे.

पहिली पाच वर्षे : पीटर रीड पहिले प्रशिक्षक. दुसऱ्या हंगामात निकोला अनेल्का खेळाडू-प्रशिक्षक. २०१६ मध्ये अलेक्झांडर गिमाराइश यांच्या हाताखाली, दिएगो फोर्लान संघात असताना, साखळीत पहिला क्रमांक. उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पराभव.

मालकीतील बदल : सिटी फुटबॉल ग्रुपची मुळे २००८ मध्ये अबुधाबीच्या शेख मन्सूर यांनी घेतलेल्या मँचेस्टर सिटीत आहेत. न्यू यॉर्क, मेलबर्न, योकोहामा, माँटेव्हिडिओ, गिरोना अशा शहरांतल्या क्लबांत समूहाची गुंतवणूक होती. मुंबई हा त्यातला आठवा क्लब. नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने समूहाचा दहा टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा ५० कोटी डॉलरना घेतला, आणि लगेच मुंबईचा व्यवहार जाहीर झाला. हा क्रम अर्थपूर्ण आहे. मुंबईचा क्लब एका जागतिक ताळेबंदातली एक ओळ झाला. मात्र कपूर व पारेख यांनी ३५ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला. त्या वेळी बातम्यांत या आकड्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढच्या सहा वर्षांचा निकाल त्यानेच लावला.

स्पर्धात्मक यश : समूहाने २०२० मध्ये प्रशिक्षक म्हणून सर्जिओ लोबेरा यांना आणले, एफसी गोव्यातले त्यांचे काही प्रमुख खेळाडूही मागोमाग आले. महासाथीमुळे २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. शेवटच्या साखळी सामन्यात एटीके मोहन बागानला २-० ने हरवून मुंबईने ४० गुणांवर बरोबरी साधली आणि परस्पर सामन्यांतील कामगिरीवर साखळीतील अव्वल संघाचे शील्ड मिळवले. १३ मार्च २०२१ रोजी त्याच संघाविरुद्धचा फातोर्ड्यातील अंतिम सामना ९० व्या मिनिटापर्यंत १-१ होता. बागानचा गोलरक्षक चेंडू अडवायला पुढे धावून आला, मुंबईच्या ओग्बेचेने तो हिसकावून बिपिन सिंगकडे दिला आणि बिपिनने मोकळ्या जाळ्यात मारला. क्लबचा सर्वांत मोठा क्षण रिकाम्या गॅलऱ्यांपुढे, परक्या राज्यात घडला. एप्रिल २०२२ मध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या मुंबई संघाने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. २०२२-२३ मध्ये दुसरे शील्ड. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानवर ३-१ विजय, दुसरा करंडक.

मैदान : आधी नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, २०१६ पासून अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरिना. २०२३ मधील आशियाई सामने मात्र पुण्यातील बालेवाडी व नेरुळ येथे खेळावे लागले.

आक्षेप व विचार : पहिला आक्षेप असा की समूहाच्या पैशाविना ही विजेतेपदे आलीच नसती. ते खरे आहे. सहा वर्षांतले यश पहिल्या पाच वर्षांशी ताडून पाहिले की शंका उरत नाही. पण यश मिळवण्याची ताकद आणि टिकण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महिंद्रा युनायटेडकडे पहिली भरपूर होती. दुसरा आक्षेप असा की दोष मालकांचा नसून व्यवस्थेचा आहे. यातही तथ्य आहे. भारतीय फुटबॉल महासंघ व लीगचे आयोजक यांच्यातील पंधरा वर्षांचा हक्क-करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला, हंगाम रखडला, आणि त्याच महिन्यात सिटी समूहाने लीगच्या अनिश्चित भवितव्याचे कारण देऊन आपला हिस्सा संस्थापकांना परत केला. कारण व्यवस्थेचे असले, तरी निर्णयाचा अधिकार मालकाचाच होता, आणि पाठीराख्यांना त्यात मत नव्हते. पुण्यात क्लब मिटला. मुंबईत तो परत घेणारे हात होते, कारण ते २०१९ मध्येही पूर्ण बाहेर पडले नव्हते. जर्मनीत बहुतेक क्लबांच्या मताधिकारात सभासदांचे बहुमत नियमानेच राखलेले असते. इथे तेच काम ३५ टक्क्यांनी, नियमाविना, योगायोगाने केले. पुढचा क्लब योगायोगावर सोडू नये, हा या इतिहासाचा धडा.